खांदा उतरलाय, मूठ मिटतेय, गुडघा मागे जातोय: अर्धांगवायूनंतर घरी नेमकं काय करायचं?

घाटमाथा

वडील, वय ६३, वजन ७० किलो. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकून स्ट्रोक आला, डावी बाजू गेली. आज सात आठवडे झाले. बोलणं, गिळणं ठीक. बीपी आणि साखर औषधांनी आटोक्यात.

खांदा: डाव्या खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढी खाच पडली आहे. हात ७०-८० अंशांच्या वर नेला की कळवळतात. दाराला दोरी-कप्पी टांगली आहे, तिने उजव्या हाताने डावा हात वर ओढतात. सकाळी मालिशवाले येतात, तेही हात ताणून "मोकळा" करतात.

हात: मूठ आपोआप मिटते, अंगठा आत. हात टेबलावर टेकवला की मनगट जेमतेम १० अंश उचलतं. बोटं स्वतःहून उघडत नाहीत. मेडिकलमधून मऊ चेंडू आणलाय, दिवसातून २०० वेळा दाबतात.

पाय: धरून उभे राहतात, घरात १०-१२ पावलं चालतात. चवडा घासतो, आणि वजन आलं की गुडघा खट्कन मागे जातो.

आणखी एक, कदाचित संबंध नसेल: जेवताना ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. आधी आवडीने खायचे.

प्रश्न: १) कप्पी आणि चेंडू चालू ठेवायचे का? २) हाताला स्प्लिंट (पंजा ठरलेल्या ठेवणीत धरणारी कडक पट्टी) लावावा का? ३) पायाला तयार मिळतो तो ब्रेस घ्यावा की मापाचा? फिजिओ आठवड्यातून तीनदा येतात, मधल्या वेळात घरच्यांनी काय करावं हे हवं आहे.

रानजाई

कप्पी आजच काढा. मालिशवाल्यांना हात ताणू देऊ नका. बाकीचं नंतर.

कारण असं. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत टेकवलेला चेंडू. त्याला जागेवर धरतात ते आजूबाजूचे स्नायू. ते ढिले पडले की हाताचं सगळं वजन सांध्याच्या पिशवीवर लोंबकळतं, ती ताणते आणि तुम्हाला दिसते ती खाच पडते. आता हात वर जाण्याचं गणित बघा. पूर्ण १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश फऱ्याचं हाड (पाठीवरचं खांद्याचं चपटं हाड) फिरून. तुमच्या वडिलांचा फरा फिरत नाही. कप्पीने दंड वर ओढला की दंडाचं हाड वरच्या हाडाच्या छपरावर आदळतं आणि मधली स्नायूची दोरी चिरडते. दुखणं तिथलं आहे. रोज कप्पी ओढली की रोज तिथेच घाव. मग माणूस हात हलवूच देत नाही आणि खांदा गोठतो.

हात हलवायचा कसा: उताणं झोपवा. तुमचा एक हात त्यांच्या पाठीखालून फऱ्याखाली, दुसरा कोपराखाली. आधी फरा हळूच पुढे आणि वर सरकवा, मग दंड. तळवा छताकडे वळलेला हवा. तळवा जमिनीकडे ठेवून हात वर नेलात की तीच चिरडाचिरड. पुढून वर ९० अंशांपर्यंतच न्या, तेही दुखायच्या आधी थांबून. त्यापुढे तुमच्या फिजिओने फरा फिरतोय हे तपासल्यावरच. दिवसातून दोनदा, ८-१० वेळा, सावकाश. सोबत दंड अंगालगत, कोपर काटकोनात ठेवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवणं. ही हालचाल सगळ्यात आधी जाते आणि सगळे ती विसरतात.

बसलेले असताना हात लोंबकळता कामा नये. समोर टेबल, त्यावर उशी, उशीवर कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण हात. गळ्यात अडकवायची झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. दिवसभर झोळीत ठेवलात तर कोपर वाकलेलं, पंजा पोटाशी, म्हणजे जी ठेवण टाळायची तीच आपण बांधून पक्की करतो.

उठवताना काखेत हात घालून किंवा डावा हात धरून उचलणं पूर्ण बंद. कमरेला रुंद पट्टा बांधा, बॅगेचा जाड पट्टा चालतो, आणि तो धरा. घरातल्या प्रत्येकाला हे सांगा, भेटायला येणाऱ्यांनाही. प्रेमाने हात धरून उठवणारे पाहुणे खांद्याची फार वाट लावतात.

डाव्या कुशीवर झोपवायला हरकत नाही, फक्त खांदा अंगाखाली दबू नये. फऱ्यापासून हात पुढे काढून ठेवायचा.

दोन गोष्टींवर डोळा ठेवा. पंजा सुजला, गरम, चकचकीत झाला आणि बोटांना नुसता स्पर्शही सहन होईना, तर ते साधं दुखणं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि डावी पोटरी एकाएकी सुजून गरम झाली तर मालिश अजिबात नको, त्याच दिवशी डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी). शिरेत गुठळी असू शकते, चोळून ती सुटली तर फुप्फुसात जाते. हलक्या हाताने तेल लावायला माझी हरकत नाही, त्वचा बरी राहते. त्याने ताकद येत नाही इतकंच.

तिरफळ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी पंजाबद्दल आणि त्या कोशिंबिरीबद्दल लिहिते. कोशिंबिरीचा संबंध आहे, आणि मोठा आहे.

मेंदूच्या उजव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये बऱ्याचदा डावीकडचं जग लक्षातूनच उतरतं. डोळा अधू असतो असं नाही, तिकडे बघायचं सुचत नाही. दुसराही प्रकार असतो, डाव्या अर्ध्या भागातलं दिसतच नाही. तो माणूस स्वतःहून मान वळवून कमतरता भरून काढतो. डावीकडे लक्षच न जाणाऱ्याला मात्र सांगावं लागतं. घरी बघा: वर्तमानपत्राची ओळ मधूनच वाचायला सुरुवात होते का, दाढी डाव्या गालावर राहते का, दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो का. तसं असेल तर चालण्याचे, हाताचे सगळे व्यायाम त्या हिशोबानेच करायला हवेत. बोलताना डावीकडे बसा. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा आणि "आधी लाल पट्टी शोधा, मग घास" असं सांगा. पाण्याचा तांब्या आणि बोलवायची घंटा मात्र उजवीकडेच. सराव वेगळा आणि गरज वेगळी. जिन्यावर एकटं सोडू नका.

आता चेंडू. मिटायचे स्नायू आधीच जास्त जोर करताहेत, उघडायचे झोपलेत. २०० वेळा दाबून आपण जिंकणाऱ्यालाच खुराक देतोय. धरणं त्यांना येईल, सोडणं येणार नाही, आणि धरलेला पेला सोडता येत नसेल तर तो हात कामाचा नाही. चेंडू नातवंडांना द्या.

मूठ उघडायची पद्धत नीट शिका, नखं कापताना आणि तळवा धुताना रोज लागेल. बोटांची टोकं धरून ओढू नका. आधी मनगट तळव्याच्या बाजूला वाकवा. तसं केलं की बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या सैल पडतात आणि मूठ निम्मी आपोआप सुटते. मग अंगठा त्याच्या बुडाशी, तळव्याच्या उंचवट्यावर धरून बाहेर काढा. टोकाला धरून ओढलात तर मधला सांधा निखळतो. अंगठा बाहेर आला की बोटं पसरतात. बोटं सरळ धरून ठेवत मनगट हळूहळू वर आणा आणि दोनेक मिनिटं तसंच धरा. झटका दिलात की मूठ पुन्हा घट्ट.

नंतर लगेच काम द्या, कारण ही सैलावलेली वेळ थोडीच टिकते. टेबलावर पंचा पसरून त्यावर तळवा, आणि पुढे-मागे सरकवणं. बाकावर बसून डावा तळवा शेजारी टेकवून त्यावर वजन देणं, कोपर तुम्ही मागून सांभाळा. पेल्याला हाताने वेढा घालणं, आणि मुख्य म्हणजे पेला सोडणं. रिकाम्या प्लॅस्टिकच्या पेल्याने सुरुवात. पुढे राजमा किंवा काबुली चणे वाटीतून वाटीत. तांदूळ निवडायला देऊ नका, चिडतात आणि सोडून देतात.

आकडा महत्त्वाचा आहे. अमेरिका-कॅनडातल्या २००९ च्या अभ्यासात उपचारांची सत्रं बसून मोजली, तेव्हा हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी फक्त ३२ निघाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसला तो शेकड्यांनी केल्यावर. पुढे माणसांवर करून बघितलं तर तासाभरात ३०० च्या वर जमतात. तेव्हा तीन कामं निवडा आणि प्रत्येकाची शंभरी दिवसभरात वाटून पूर्ण करा. भिंतीवर कागद लावून रेघा ओढा, दर पाचवी रेघ आडवी. नुसतं "करत राहा" म्हणून होत नाही.

आरसा हा स्वस्त आणि चांगला उपाय. साधारण ४५ बाय ६० सेंमीचा, कडा घासलेला. टेबलावर छातीच्या मधोमध उभा, चकचकीत बाजू उजवीकडे, डावा हात आरशामागे लपलेला. अंगठी, घड्याळ, गंडा काढून ठेवा, नाहीतर तो हात आपला वाटत नाही. उजव्या हाताने मूठ उघड-मिट, मनगट वर-खाली, सावकाश, नजर आरशात. डाव्यानेही जमेल तेवढा प्रयत्न. १५ मिनिटं दोनदा, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. डावीकडे दुर्लक्ष असल्यामुळे नजर आरशातून सारखी सुटेल, शेजारी बसून बोलत राहावं लागेल.

चांगला हात बांधून अधू हाताकडून काम करून घ्यायची पद्धत वाचनात येईल, पण आत्ता नको. त्यासाठी मनगट, अंगठा आणि आणखी किमान दोन बोटं प्रत्येकी १० अंश तरी स्वतःहून उघडावी लागतात. तुमच्या सांगण्यात मनगट काठावर आहे, बोटं नाहीत. आत्ता बांधलात तर नुसती घुसमट.

स्प्लिंट रात्री लावावा असं माझं मत. मनगट २०-३० अंश वर, बोटं थोडी वाकलेली, अंगठा बाहेर.

रानजाई

स्प्लिंटवर थोडा मतभेद. नुसता स्प्लिंट लावून सांधे आखडायचे थांबतात असं चाचण्यांत दिसलेलं नाही. तळव्यात नखं रुतत असतील, घामाने त्वचा ओली राहत असेल, तर जरूर लावा. पण "रात्री स्प्लिंट लावतो ना" म्हणून दिवसाचा सराव सुटतो, हे मात्र घरोघरी होतं.

तिरफळ

मान्य. त्वचेसाठी आणि ठेवणीसाठी. आणि तळव्यात कापडाची मऊ गुंडाळी कोंबू नका, मूठ तिला धरून आणखी आवळते.

सुतारपक्षी

ब्रेसचं मी सांगतो, काम तेच आहे.

तयार मिळतो तो मागच्या बाजूला पातळ पट्टी असलेला. तो चवडा उचलतो, बस्स. घोटा सहज हलत असेल आणि गुडघा शहाणा असेल तर पुरतो. तुमचा गुडघा मागे जातो, म्हणजे आधी का जातो ते शोधा. पाय सरळ ठेवून घोटा वर वाकवून बघा. काटकोनापर्यंतही येत नसेल तर पोटरी आखडली आहे, टाच टेकायला नडगी मागे ढकलली जाते आणि गुडघा तिच्याबरोबर. घोटा छान येत असेल तर मांडीचा पुढचा स्नायू कमजोर, माणूस गुडघा कुलूप लावून उभा राहतो. पायाची जाणीव गेलेली असेल तर कुलूप लागलं हेच कळत नाही. बऱ्याचदा तिन्ही थोडं थोडं असतं.

अशा वेळी मापाचा हवा. प्लास्टरचा साचा काढून त्यावर ३ ते ४ मिमी पॉलिप्रॉपिलीन (टणक प्लॅस्टिक) ओढतात. कडा घोट्याच्या हाडांच्या पुढेपर्यंत ठेवल्या तर ताठ, मागे कापल्या तर लवचीक. घोटा काटकोनात किंवा किंचित वर बसवला की नडगी पुढे झुकते आणि गुडघ्याचं मागे जाणं अडतं. पण जास्त झुकवला तर गुडघा पुढे मोडतो आणि माणूस बसतो खाली. म्हणून साच्याच्या दिवशी फिजिओ बरोबर न्या, आणि पहिल्या दिवशी चालवून कडा घासून घेतल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. आखडलेल्या पोटरीवर जबरदस्तीने काटकोन बसवला तर टाच आतून वर उचलली जाते. बाहेरून ब्रेस सुंदर, आत पाय हवेत. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, सरकारी, तिथे असे ब्रेस बनवून मिळतात.

घालताना: पातळ सुती मोजा, सुरकुती नाही. आधी टाच मागे पूर्ण बसवा, मग घोट्याचा पट्टा, मग पोटरीचा. उलट केलं तर टाच वरच राहते. पहिल्या दिवशी तासभर, रोज थोडं वाढवत. काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या दिवशी पुन्हा घालायचा नाही, दुरुस्तीला आणा. साखर असलेल्यांनी हे फारच मनावर घ्या.

आपल्याकडचा खास घोळ म्हणजे घरात चप्पल नको. नुसतं प्लॅस्टिक आणि खाली गुळगुळीत फरशी, म्हणजे घसरगुंडी. घरात वापरायला वेगळे स्वच्छ बूट ठेवा. डावा एक नंबर मोठा, आतलं तळवं काढलेला, वेल्क्रोचा. उजव्या पायातही बूट हवा, नाहीतर डावा पाय उंच होऊन आणखी घासतो. आणि ती लवचीक नी-कॅप घेऊ नका. गुडघा मागे जायला ती अजिबात अडवत नाही.

घाटमाथा

मनापासून आभार. कप्पी काढली. घोटा पाय सरळ ठेवून काटकोनापर्यंत येतो, पुढे नाही. दाढीचं तुम्ही म्हणता तसंच आहे, लक्षात आलं नव्हतं.

अजून तीन: उठ-बस आणि चालण्याचा सराव कसा द्यायचा? बॅक्लोफेन (ताठरलेले स्नायू सैल करायची गोळी) सुरू करू का असं डॉक्टर विचारताहेत. आणि सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही असं सगळे म्हणतात. आत्याबाई तर कबुतराच्या रक्ताचं सांगताहेत.

रानजाई

कबुतरांना सोडा.

उठ-बस हाच पायाचा सगळ्यात चांगला व्यायाम. खुर्ची टणक, हाताची, भिंतीला टेकवलेली. सुरुवातीला गादी घालून उंच करा, दर आठवड्याला एक थर काढा. टाचा गुडघ्यांच्या मागे ४-५ इंच, डावं पाऊल उजव्यापेक्षा थोडं मागे. उजवं मागे असलं की सगळा भार तेच घेतं. उजव्या हाताने डावा धरून दोन्ही पुढे, नाक चवड्यांच्या पुढे जाईपर्यंत वाका, मग उठा. सरळ पाठीने उठायला गेले की मागे कोसळतात. बसताना चार आकडे मोजत, धप्पकन नाही. दहाचे पाच गट, मध्ये विश्रांती.

वजन खरंच डाव्यावर येतंय का ते डोळ्यांना कळत नाही. डाव्या पायाखाली घरातला वजनकाटा, उजव्याखाली तेवढ्याच उंचीची फळी. ७० किलोचा माणूस नीट उभा असेल तर काटा ३५ च्या आसपास हवा. सुरुवातीला १५ दिसला तर दचकू नका. काटा त्यांना दिसेल असा ठेवा, तुमच्या "भार द्या, भार द्या" पेक्षा तो आकडा जास्त काम करतो.

गुडघ्यासाठी: ओट्याला धरून उभं राहून गुडघा २०-३० अंश वाकवायचा आणि परत सरळ करताना कुलूप लागायच्या किंचित आधी थांबायचं. तो शेवटचा टप्पाच शिकायचा आहे. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून, डावा पाय मागे, टाच जमिनीला, ३० सेकंद, चार-पाच वेळा.

काठी उजव्या हातात. बूट घालून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. आधी काठी, मग डावा, मग उजवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू आधी. चार पायांची काठी अरुंद पायरीवर बसत नाही, जिन्यात ती भरवशाची नाही. उजवीकडे कठडा असेल तर तोच धरा.

मोजमाप: पॅसेजमध्ये १० मीटर आखा. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर वेग घरापुरता. १२-१३ सेकंदांत आले की रस्त्यावर, बाजारात फिरण्याजोगा. पंधरवड्याने एकदा मोजा, रोज नको. व्यायामाआधी बीपी बघा आणि कितीच्या वर थांबायचं तो आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. चक्कर, छातीत दुखणं, धाप, ताबडतोब थांबा. नव्याने तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असेल तर वाट न बघता स्ट्रोकची सोय असलेलं रुग्णालय. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासच मिळतात.

बॅक्लोफेन डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, पण हे विचारा: पायातल्या ताठरपणावरच ते उभे राहत असतील तर? गोळी सगळ्या अंगाला सैल करते, झोपही आणते. कधीकधी मूठ सुटते आणि पायच गळतो. सुरू केलीच तर एकदम बंद कधीच करू नका, झटके येऊ शकतात. त्रास फक्त मुठीचा असेल तर त्या स्नायूंत बोट्युलिनमचं इंजेक्शन हा पर्याय आहे. महाग आहे, परिणाम तीन-चार महिने. त्या काळात सराव केला नाही तर पैसे पाण्यात.

सहा महिन्यांचं: पहिल्या तीन महिन्यांत चढ उभा असतो, पुढे मंदावतो. थांबत नाही. चांगला हात बांधण्याच्या पद्धतीची मोठी अमेरिकी चाचणी २००६ साली आली. त्यातले २२२ रुग्ण स्ट्रोकनंतर ३ ते ९ महिन्यांचे होते, आणि त्यांचे हात सुधारले. कोणी "ताकदीसाठी" फ्लुओक्सेटिन (मुळात उदासीवरची गोळी) सुचवलं तर २०१८ ची ब्रिटनमधली चाचणी दाखवा. तीन हजारांवर रुग्ण, हालचालीत फायदा शून्य, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं. उदासी असेल तर गोष्ट वेगळी, तिच्यावर उपचार घ्यायलाच हवेत.

तिरफळ

मोरी आणि संडास राहिलं. पडतात ते तिथेच. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर कमोड-खुर्ची, रबरी बुडाची. धरायचा दांडा बसल्यावर उजव्या हाताला येईल असा. टॉवेल अडकवायचा दांडा धरू देऊ नका, स्क्रूसकट हातात येतो. अंघोळीला पाठीची खुर्ची, बादली उजवीकडे. पाणी किती गरम ते उजव्या हाताने बघायचं, डाव्याला चटका कळेलच असं नाही. कपडे घालताना डावा हात आधी बाहीत, काढताना शेवटी.

सुतारपक्षी

घोटा काटकोनापर्यंत येतो म्हणालात, म्हणजे साचा घेता येईल. पण अंग गरम असताना घ्या, अर्धा तास पोटरी ताणून झाल्यावर. सकाळी उठल्याउठल्या घेतलेला साचा हमखास फसतो.